विहिरीचं चित्र आणि दहापैकी चार: नववीच्या भूगोलातलं एक प्रकरण

दहापैकी चार. लाल शाईनं, भोवती गोल करून. खाली माझ्याच अक्षरात शेरा: 'शास्त्रीय नावे नाहीत. एकके चुकीची. आठ दिवस उशिरा सादर.' वही परत दिल्यावर दोन दिवसांनी तो मुलगा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. गुणांचं नावही काढलं नाही. वही उघडून चित्रातल्या एका पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, ह्या तांबड्याला पुस्तकात काय म्हणत्यात?"

मला सांगता आलं नाही. "गेरू असेल," म्हणून मी वेळ मारून नेली. तो "बरं" म्हणून गेला. वही मात्र माझ्या टेबलावरच राहिली, आणि त्या दुपारी मी ती पहिल्यांदा नीट वाचली.

शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातली, माणदेशातली. तिचं नाव इथे देत नाही, मुलांचीही नाही. मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. आपल्याकडे माध्यमिक शाळेत भूशास्त्र असा वेगळा विषय नाही, पण नववीच्या भूगोलाच्या पहिल्या अर्ध्या भागात बराचसा तोच आहे. अंतर्गत हालचाली, बाह्यप्रक्रियांचे दोन पाठ, मग वृष्टी आणि सागरजल. ज्वालामुखी, भूकंप, विदारण (खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं), झीज, भर हे सगळं याच वर्षी येतं. दहावीला भारत आणि ब्राझील सुरू झाले, की पायाखालच्या खडकाकडे पुन्हा फारसं बघणं होत नाही.

2023 पर्यंत मुलं आठवीतून यायची ती वेगळ्या सवयीनं. आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. सातवी-आठवीला 40 टक्के आकारिक (वर्षभर चालणारं), 60 टक्के संकलित (सत्राअखेरचं), आणि प्रगतिपुस्तकात श्रेणी. नववीला एकदम गुण आणि 35 टक्क्यांची पासाची रेघ. आपल्याकडून नेमकं काय हवं आहे, हे मुलांना तेव्हा कुणीच सांगत नसे. मीही सांगितलं नव्हतं. जानेवारीत फळ्यावर एक ओळ लिहून दिली होती: 'आपल्या परिसरातील खडक व मृदा यांचे निरीक्षण करून माहिती लिहा. 10 गुण.' एवढंच.

नववीच्या अंतर्गत गुणांकडे आम्ही शिक्षक हलक्यानं बघतो, हे कबूल करायला हवं. 'नववीचं कोण बघतंय' असं सर्रास बोललं जातं. पण 2021 साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लावताना शंभरातले 50 गुण नववीच्या निकालावरून, 30 दहावीच्या लेखी मूल्यमापनावरून आणि 20 गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांवरून धरले गेले. कपाटातल्या जुन्या नोंदवह्या तेव्हा धूळ झटकून बाहेर काढाव्या लागल्या. कुणाला 7 का आणि कुणाला 9 का, याचं उत्तर आमच्यापैकी अनेकांकडे नव्हतं. तो धडा मी दीड-दोन वर्षांत विसरले होते.

दोन वह्या

आता त्या मुलाच्या वहीत काय होतं ते सांगते. एकच पान. शिसपेन्सिलीनं काढलेला विहिरीचा उभा छेद. वरून खाली नावं लिहिलेली: माती, मुरूम, काळा पाषाण, तांबडा, मांजऱ्या, परत काळा पाषाण. डाव्या बाजूला खोली, परसांत (माणसाच्या अंगावरून धरायचं खोलीचं माप). तांबड्याच्या जरा वर एक बाण आणि पुढे 'हितनं पाझर'. मांजऱ्याच्या पट्ट्यात बारीक गोल गोल काढून 'आत पांढऱ्या गारगोट्या' असं लिहिलेलं. सगळ्यात खाली एक वाक्य: 'वर पण दगड खाली पण दगड मग मधी माती कशी आली.' प्रश्नचिन्ह दिलं नव्हतं. त्याबद्दलही मी अर्धा गुण कापला होता.

त्याचे वडील विहिरी खोदायच्या यारीवर, म्हणजे दगड-माती वर ओढायच्या यंत्रावर, कामाला आहेत. विहिरींचं पाणी खाली गेलं की या भागात नव्या विहिरी आणि जुन्या विहिरींची खोली वाढवायची कामं सुरू होतात. मुलगा शनिवार-रविवारी भाकरी घेऊन जायचा आणि काठावर बसून बाहेर पडणारा डबर बघायचा. त्यातूनच चित्र आलं होतं. मांजऱ्या, मुरूम, पाषाण हे शब्द इथे विहीर खोदणारा प्रत्येक माणूस वापरतो. मांजऱ्या म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा खडक. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरतात, त्या मुलाच्या गारगोट्या. पुस्तकातलं नाव नव्हतं, पण दगड बरोबर ओळखलेला होता आणि क्रमही बरोबर होता.

आता दुसरी वही. हिला मी 9 दिले होते. बारा पानं, समास आखलेले, मथळे लाल आणि निळ्या शाईत, वर प्लास्टिकचं आवरण. पहिलं वाक्य: 'आमच्या परिसरात अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित असे तिन्ही प्रकारचे खडक आढळतात.' शेजारी दुकानात मिळणाऱ्या तक्त्यातून कापून चिकटवलेलं संगमरवराचं चित्र.

आमच्या तालुक्यात संगमरवर? इथे सगळा बेसॉल्ट आहे. टेकडी उकरा, ओढा उकरा, विहीर खणा, तोच. ते वाक्य गाइडमधून उतरवलेलं होतं आणि मी ते वाचून त्यावर बरोबरची खूण केली होती. खूण करताना मी वाक्य वाचत नव्हते, अक्षर बघत होते. दुसरं कारण नाही.

तांबड्याचं उत्तर

त्या रात्री मी माझी बी.ए.ची जुनी टिपणं काढली आणि भूजलाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. हे उत्तर या प्रकरणाच्या गाभ्याशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आपलं दख्खनचं पठार असं झालं. हे काम एका दमात झालं नाही. एक थर येऊन थंड व्हायचा, मग मध्ये कधी थोडा, कधी बराच काळ जायचा. त्या काळात वरचा पृष्ठभाग ऊन-पावसात उघडा असायचा. खडकाचं विदारण व्हायचं, त्यातल्या लोहाला गंज चढायचा, लाल चिकणमाती तयार व्हायची. मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरायचा आणि ती भाजून निघायची. भूशास्त्राचे लोक या थराला 'रेड बोल' म्हणतात. महाराष्ट्रात घाट उतरताना कड्यात दिसणाऱ्या तांबड्या रेघा बहुतेक वेळा याच असतात.

म्हणजे वर दगड, खाली दगड, मध्ये माती कशी आली, याचं उत्तर असं, की ती दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळाची खूण आहे. लाव्ह्याचा माथा सच्छिद्र असतो, म्हणून तांबड्याच्या खाली आधी मांजऱ्या लागतो आणि मग घट्ट पाषाण. वरच्या पाषाणातल्या भेगांतून झिरपत आलेलं पाणी चिकण तांबड्यावर अडतं, म्हणून पाझर तिथे. मुलाच्या चित्रात हे सगळं होतं. अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया हे पाठ मी महिनाभराच्या अंतरानं, दोन वेगळ्या गोष्टी असल्यासारखे शिकवले होते. त्या विहिरीत ते हातभर जाडीच्या एका थरात एकत्र होते, आणि नेमका तिथेच त्या मुलानं बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून हे सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "म्हंजी त्यो तांबडा त्या वेळची जमीन हुती." मी होय म्हणाले. मग विचारलं, वही आठ दिवस उशिरा का दिलीस?

"काम सोळा तारखेला पायजे हुतं. तवा काळ्या पाषाणापातूरच गेलं हुतं. वडील म्हनलं, थांब, अजून दोन परस खाली जाऊ दे, खाली काय लागतंय बघून मग लिव."

खाली काय लागतं ते बघायला तो थांबला होता. तांबडा, मांजऱ्या आणि त्याचा प्रश्न, तिन्ही त्या आठ दिवसांत आले. त्या आठ दिवसांचे मी दोन गुण कापले होते.

काय करता आलं असतं

पहिला विचार आला तो सगळ्यात सोपा: गुपचूप त्याचे 4 खोडून 9 करावेत आणि विषय मिटवावा. नोंदी अजून वरिष्ठांकडे गेल्या नव्हत्या. पण बाकी मुलांच्या वह्यांत काय काय राहून गेलं असेल? मी सगळा गठ्ठा पुन्हा काढला. प्रत्येक वहीच्या मागे पेन्सिलीनं लिहीत गेले, गुण कशाचे दिले. अक्षर. चित्रं. पानं. आवरण. वेळेवर दिली. कामाच्या ओळीत 'निरीक्षण' हा शब्द मीच लिहिला होता, आणि निरीक्षणाचा गुण असा एकाही वहीला दिलेला नव्हता.

मुख्याध्यापक सरांशी बोलले. ते म्हणाले, "मॅडम, दहा गुणांसाठी एवढं? सगळ्यांना आठ-नऊ टाका, पोरं खूश, पालक खूश." हे वाचून कुणी त्यांना नावं ठेवू नयेत, कारण पुढे ते जे म्हणाले ते खोटं नव्हतं. 2019 च्या मार्चमध्ये दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण बंद होते आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आणावे लागले. "काठावरची पोरं या गुणांवर तरतात, ते तेवढं सांभाळा," असं त्यांचं म्हणणं. ते मी मनावर घेतलं. मात्र सगळ्यांना सरसकट 9 देऊन काठावरच्या मुलाला आपल्याला काय येतं हे कधीच कळणार नाही, हेही त्यांना सांगितलं. "एक आठवडा घ्या," ते म्हणाले.

मग एक तास घेतला. दोन्ही वह्यांतला मजकूर नावं न सांगता फळ्यावर उतरवला, चित्रासह, आणि वर्गाला म्हटलं, तुम्ही गुण द्या. वर्गानं अगदी माझ्यासारखेच दिले. नीटनेटक्या मजकुराला 9, विहिरीला 3, 4, एकानं 2. शिकवलं होतं मीच, दुसरं काय होणार? मग विचारलं, "यातलं कोणतं वाक्य कोकणातल्या मुलानं, विदर्भातल्या मुलीनं आपल्या वहीत लिहिलं असतं तरी चाललं असतं?"

आधी सगळे गप्प. मग एकेक वाक्य घेऊन हात वर व्हायला लागले. नीटनेटक्या मजकुरातलं प्रत्येक वाक्य कुठेही चाललं असतं. विहिरीचं एकही चाललं नसतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्या हिरीत पण तांबडा लागला हुता, आन् आजोबा म्हनलं हुतं आता पाणी येतंय." त्यानंतर तास मी घेतलाच नाही, मुलांनीच घेतला.

त्याच तासाला एक मोठी चूकही वर आली. अर्ध्याहून जास्त मुलांच्या मते विहिरीतला खडक 'स्तरित' होता, कारण थर दिसतात. शब्दाचा अर्थ आणि डोळ्यांना दिसणारं चित्र जुळलं, की मुलं तिथेच थांबतात. थर दिसतात म्हणून खडक स्तरित होत नाही. तो गाळ साचून झाला की लाव्हा थिजून, हे बघायचं असतं. सहावीपासून खडकांचे तीन प्रकार पाठ असलेल्या मुलांचा हा घोळ माझ्या कुठल्याच प्रश्नपत्रिकेत सापडला नव्हता, कारण मी व्याख्या विचारत होते.

दहा गुण कशाचे, हे मग आम्ही मिळून फळ्यावर लिहिलं. प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींना 4. मोजमाप आणि आकृतीला 2. 'असं का' याला 3, उत्तर चुकलं तरी कारण जोडायचा प्रयत्न केला तर त्यातला 1 मिळेल. मांडणीला 1. शब्दांवर बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की ज्यानं सांगितलं त्याचा शब्द तसाच लिहायचा आणि पुढे पुस्तकातला शब्द. पुस्तकातला सापडला नाही तर जागा रिकामी ठेवायची, ती मी भरीन.

पुन्हा काम

सगळ्यांना विहिरीवर पाठवणं शक्य नव्हतं. कठडा नसलेल्या विहिरी, सुरुंगाची कामं, ती जोखीम मी घेणार नाही आणि कुणी घेऊही नये. गावाबाहेर रस्ता रुंद करताना फोडलेली एक कड आहे, माणसाच्या दुप्पट उंचीची. एका शनिवारी सकाळी तिथे गेलो. टेप, पाण्याची बाटली, वही. कडेपासून लांब उभं राहायचं, वरचा सैल दगड हलवायचा नाही, असं आधी बजावलं.

तिथे एका मुलीनं कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला गोल धोंडा दाखवला. नखानं पापुद्रा निघाला, आतला गाभा काळा आणि टणक. विदारणाची आकृती पुस्तकात आहे, ती मी दरवर्षी फळ्यावर काढते. इतकी वर्षं त्या कडेवरून स्कूटर घेऊन जाते, कधी थांबले नव्हते.

नव्या निकषांवर विहिरीवाल्या मुलाला 9 पडले. या वेळी त्यानं वडिलांचा परस टेपनं मोजून आणला: साडेपाच फूट, म्हणजे 1 मीटर 68 सेंटिमीटर. त्यावरून सात परसांची खोली 11.76 मीटर काढली. एककांचा माझा आग्रह चुकीचा नव्हता. परस माणसागणिक बदलतो, मीटर बदलत नाही. चूक एवढीच, की मीटरमध्ये हवं हे मी आधी कुठेच म्हटलं नव्हतं.

खरी अडचण आली नीटनेटक्या वहीच्या बाबतीत. पहिल्या उत्साहात मी तिची जुनी वही नव्या निकषांनी तपासून 9 चे 3 केले. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाई, वर्षभर तुम्हीच सांगत होता, अक्षर चांगलं काढा, वही नीट ठेवा. तिनं तेच केलं. आता तेच चुकीचं कसं झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती बरोबर बोलत होती. खेळ संपल्यावर नियम बदलून मी तिच्या मुलीला हरवत होते. विहिरीवाल्या मुलावर जो अन्याय केला तोच आता उलट्या बाजूनं. न सांगितलेल्या अपेक्षेवर त्याचे गुण कापले होते, आणि न सांगितलेल्या अपेक्षेवरच तिचे कापायला निघाले होते. त्याच दिवशी वर्गात जाहीर केलं: जुने गुण कुणाचेही कमी होणार नाहीत, नव्या कामाचे जास्त असतील तर ते धरले जातील. त्या मुलीनं तरीही रस्त्याच्या कडेचं काम पुन्हा केलं, आखीवरेखीव आकृती आणि खाली तीन स्वतःच्या नोंदी. 8 पडले. नोंदीत 9 च राहिले. गाइडच्या वाक्यांचे ते 9 आजही माझ्या नोंदवहीत आहेत आणि मला बोचतात, पण ती किंमत माझी होती, तिची नव्हे.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. चार मुलांनी दुसरं कामही दिलं नाही. काहींनी स्थानिक शब्दांची यादी भरभरून दिली, पण 'का' याच्यासमोर पान कोरं. तपासणीला पूर्वी एक संध्याकाळ लागायची, या वेळी चार लागल्या. उशिराचे गुण मी आता कापत नाही, तारीख वेगळ्या रकान्यात लिहिते. यावर आमच्या विज्ञानाच्या सरांचा आक्षेप आहे: मुलांना शिस्त लागणार नाही, दहावीला बोर्ड थांबत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून एक अट घातली आहे. मुदत वाढवून हवी असेल तर मुदत संपायच्या आधी येऊन सांगायचं, आणि कशासाठी थांबायचं आहे तेही सांगायचं. खाली काय लागतं बघायचंय, हे कारण चालेल. विसरलो, हे चालणार नाही.

वार्षिक परीक्षेत त्याच मुलानं कायिक विदारणाच्या उदाहरणात लिहिलं, 'सुरुंगाने पाषाण फुटतो.' मी गुण दिला नाही. विदारणात खडक जागच्या जागी, ऊन, पाणी, दंव, मुळं यांच्यामुळे फुटतो. सुरुंग माणसाचा. पेपर दाखवताना तो कुरकुरला, "फुटतोय तर खरा." मग पापुद्र्यांच्या धोंड्याची आठवण करून दिली, तेव्हा मान हलवली. त्या धोंड्यापाशी सगळ्यात जास्त वेळ तोच बसला होता.

या वर्षी नववीला काम देताना निकषांचा कागद आधी वाटला, जूनमध्येच. त्याच्या मागच्या बाजूला मागच्या वर्गानं जमवलेले शब्द आहेत, समोर पुस्तकातले. मांजऱ्या: सच्छिद्र बेसॉल्ट. काळा पाषाण: घट्ट बेसॉल्ट. मुरूम: विदारण झालेला खडक. तांबड्यासमोर 'रेड बोल' लिहिलं होतं. एका मुलीनं ते खोडून तिथे 'जुनी जमीन' लिहून आणलं, आणि कागद पुन्हा छापायला टाकला तेव्हा मी तेच ठेवलं.